सुई कुणाच्या मर्जीची?

11 सप्टेंबर 1973 रोजी चिलीच्या लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचं लोकांनी निवडून दिलेलं सरकार उलथवलं. त्यानंतर 1990 पर्यंत तिथे जनरल पिनोशेची सत्ता होती. माणसं घरातून, कारखान्यातून, रस्त्यावरून उचलली जात आणि बायको किंवा आई चौकशीला गेली की ‘असा कुणी माणूस आमच्याकडे नाही’ एवढंच उत्तर मिळे. वर्तमानपत्रांवर पहारा, पक्षांवर बंदी, सभा-मोर्चांचं तर नावच नको. याच काळात राजधानी सान्तियागोत चर्चच्या आश्रयाला काही बायका गोणपाटाच्या तुकड्यांवर जुन्या कपड्यांची ठिगळं शिवत बसायच्या. सत्ताधाऱ्यांना सुरुवातीला त्यात वावगं काही दिसलं नाही. बायका आहेत, शिवतायत, शिवू देत.

हा जो तुच्छभाव आहे, त्याबद्दल मला बोलायचं आहे. हाताने केलेल्या वस्तूकडे बघणारी आपली नजर, म्हणजे प्रदर्शनांना जाणाऱ्या, ‘अय्या, हे सगळं हाताने केलंय?’ असं विचारणाऱ्या आपल्यासारख्यांची नजर, त्या सत्ताधाऱ्यांहून फार वेगळी नाही. आपण कौतुक करतो, एवढाच फरक. त्या कौतुकाच्या तळाशी गृहीत तेच असतं: हे निरुपद्रवी आहे, शोभेचं आहे, करणारीला यातून काही म्हणायचं असेल असा प्रश्नच येत नाही.

चिलीतल्या त्या शिवणकामाला आर्पियेरा म्हणतात. एखादी जवळून पाहण्यासारखी आहे. पिठाच्या पोत्याचा, साधारण उशीच्या अभ्र्याएवढा तुकडा. वरच्या कडेला अँडीज पर्वताची शिखरं ओळीने, बहुतेक वेळा एका कोपऱ्यात सूर्य. खाली घरं, रस्ता, झाडं आणि बोटाएवढ्या कापडी बाहुल्या, लोकरीचे केस लावलेल्या, कापडातून वर उठून आलेल्या. रंग भडक, प्रसन्न. चारी बाजूंनी लोकरीची किनार. पहिल्या नजरेला वाटतं, बालवाडीत लावायला छान आहे. मग डोळा जरा स्थिरावतो. बाहुल्यांच्या हातातल्या फलकावर ‘ते कुठे आहेत?’ असं शिवलेलं असतं. कारखान्याचं दार बंद. एका मोठ्या हंड्याभोवती मुलं जमलेली, कारण घरचा कमावता बेकार आहे किंवा बेपत्ता, आणि वस्तीने मिळून एकच चूल पेटवली आहे. एका आर्पियेरात बायकांनी स्वतःला संसदेच्या कुंपणाला साखळ्यांनी बांधून घेतलंय. दुसऱ्या एकीत लोनकेन गावच्या चुन्याच्या भट्ट्या आहेत. 1978 मध्ये तिथे 15 बेपत्ता माणसांचे अवशेष सापडले होते. आणखी एकीत एक बाई एकटीच क्वेका नाचते आहे. क्वेका हा जोडीने करायचा नाच. तिच्यासमोरची जागा तशीच मोकळी ठेवलेली.

बाहुलीच्या अंगावरचं कापड कधी कधी हरवलेल्या माणसाच्याच शर्टाचं असे. काही तुकड्यांच्या पाठीमागे छोटा खिसा आणि खिशात चिठ्ठी. 1974 च्या सुमारास या कार्यशाळा सुरू झाल्या त्या चर्चच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या एका समितीत. सरकारी दडपणामुळे ती समिती 1975 च्या अखेरीस बंद करावी लागली, तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेझ यांनी 1976 मध्ये ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही चर्चची स्वतःची संस्थाच काढली. तिच्यामार्फत आर्पियेरा परदेशी जात. युरोप-अमेरिकेतले चिलीचे निर्वासित आणि मानवी हक्कांसाठी काम करणारे गट त्या विकत आणि पैसे या बायकांपर्यंत पोचत. पुढे सत्तेला अक्कल आली. कस्टममध्ये पार्सलं अडवली जाऊ लागली, सरकारधार्जिणी वर्तमानपत्रं ‘देशाची बदनामी’ म्हणून ओरडू लागली. पण तोवर उशीर झाला होता.

यावर एक नेहमीचा आक्षेप असतो आणि तो बिनबुडाचा नाही. ही साक्ष आहे, दस्तऐवज आहे, मान्य. हिला कला म्हणायचं का? दुःख खरं आहे म्हणून काम चांगलं ठरतं का?

नाही ठरत. सगळ्या आर्पियेरा सारख्या तोलाच्या नाहीत. काही साचेबंद आहेत, गिऱ्हाइकाला हवी तशी तीच ती दृश्यं पुन्हा पुन्हा शिवलेली. पण चांगल्या आर्पियेरात जे घडतं ते नुसत्या साक्षीतून घडत नाही. अत्याचाराच्या दृश्यावर लख्ख सूर्य ठेवणं हा निर्णय आहे. भीती भडक गुलाबी-पिवळ्यात मांडणं हा निर्णय आहे. पर्वत कायम वर ठेवून माणसांची गडबड त्याच्या पायथ्याशी आणणं, आणि ज्याला सरकार ‘नाही’ म्हणतं त्याच्या शर्टाला कापडी अंग देऊन उभं करणं, हेही निर्णयच. चित्रकाराबद्दल आपण हीच भाषा वापरतो: त्याने असा रंग का निवडला, ही जागा मोकळी का सोडली. शिवणाऱ्या बाईबद्दल बोलताना मात्र आपण म्हणतो, बिचारीने मन मोकळं केलं.

यातली गंमत अशी की हेच तंत्र कला म्हणून आधीच मान्य झालेलं होतं. व्हिओलेता पार्रा ही चिलीची मोठी लोकगायिका. आजारपणात अंथरुणाला खिळलेली असताना तिने गोणपाटावर लोकरीने भरायला सुरुवात केली आणि 1964 मध्ये पॅरिसला, लूव्रच्या वास्तूतल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात तिच्या आर्पियेरांचं एकटीचं प्रदर्शन लागलं. दहाच वर्षांनी त्याच देशातल्या गरीब बायकांनी तसंच गोणपाट हातात घेतलं, तर ती ‘मदतीची वस्तू’ झाली. पार्राची प्रतिभा मोठी होती, यात वाद नाही. पण एकीकडे नाव होतं आणि दुसरीकडे नव्हतं, हाही त्या दर्जातल्या फरकाचा एक भाग होता. बायकांनी नाव घातलं नाही, कारण नाव घालणं म्हणजे पोलिसांना पत्ता देणं. ते निनावीपण त्यांनी स्वतः पत्करलेलं होतं, जीव वाचवायला.

आणि कला म्हणून मोल होणं का महत्त्वाचं, तेही चिलीतच दिसलं. 1988 च्या सार्वमतात पिनोशे हरला, 1990 मध्ये पायउतार झाला, आणि परदेशातली मागणी ओसरली. गिऱ्हाईक एका लढ्याला पाठिंबा म्हणून विकत घेत होतं. लढा संपला, गिऱ्हाईक गेलं. बायका मात्र तिथेच होत्या, त्यांच्या हातातलं कसब तेच होतं आणि बेपत्ता माणसंही परत आली नव्हती. विकारिया 1992 मध्ये बंद झाली. 2010 मध्ये सान्तियागोत स्मृती आणि मानवी हक्कांचं संग्रहालय उघडलं, तिथे आता आर्पियेरा जपलेल्या आहेत. सहानुभूतीची मुदत संपल्यावरही जे टिकतं, जपलं जातं, ज्याच्यापुढे नंतरची पिढी उभी राहते, त्याला कलेचा दर्जा लागतो. म्हणून ‘कला म्हटलं काय नि हस्तकला म्हटलं काय, काय फरक पडतो’ हे बोलणं मला पटत नाही. फरक पडतो, आणि तो पैशातही पडतो.

अशी उदाहरणं जगभर आहेत. 1912 मध्ये लंडनच्या हॉलोवे तुरुंगात मताधिकारासाठी लढणाऱ्या कैदी बायकांनी एका रुमालावर आपापल्या सह्या भरतकामाने उमटवल्या. 1987 नंतरच्या पहिल्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावात, पॅलेस्टिनी झेंडा फडकावायला बंदी होती, तेव्हा तिथल्या बायकांनी झेंड्याचे रंग अंगरख्यावरच्या भरतकामात आणले. बंदी झेंड्यावर होती, सुईवर नव्हती. सगळीकडे सूत्र एकच: ज्या कामाला कुणी मोजत नाही, त्याच कामात लपायला जागा असते.

आपल्याकडे मात्र हे सूत्र जसंच्या तसं लागू करता येत नाही. आपल्याकडे हाताचं काम फक्त बायकांचं म्हणून हलकं ठरलेलं नाही, ते जातीने वाटलेलं आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, बुरूड, कोष्टी: जन्माला येतानाच हातात काय पडणार ते ठरलेलं. इंग्रज आले तेव्हा त्यांनी या वाटणीवर आपली एक रेघ ओढली. मुंबईत 1857 मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली, 1865 मध्ये लॉकवूड किपलिंग तिथे शिकवायला आले, 1891 मध्ये त्याच आवारात कारागिरीसाठी लॉर्ड रे यांच्या नावाच्या वेगळ्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. चित्र-शिल्प इकडे, धातू-लाकूड-विणकाम तिकडे. किपलिंग यांना भारतीय कारागिरीबद्दल मनापासून आस्था होती, पण इमारती वेगळ्या त्या वेगळ्याच. इंग्रजांची ती रेघ आपल्या जुन्या रेघेवर इतकी चपखल बसली की आज ती कुणी ओढली तेही आठवत नाही.

अशा देशात गांधींनी चरखा राजकारणाच्या मध्यभागी आणून ठेवला. त्याचं मोठेपण मला मान्य आहे. सुताच्या धाग्याला साम्राज्याविरुद्धचं विधान बनवणं, ते विधान निरक्षर बाईलाही रोज तासभर करता येईल असं ठेवणं, ही विसाव्या शतकातली एक विलक्षण राजकीय कल्पना होती. आणि त्यांची सौंदर्यदृष्टीही पक्की होती. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात, आपल्या खानदेशातल्या फैजपूरला भरलं, तेव्हा अधिवेशनाची वसाहत उभी करायला गांधींनी शांतिनिकेतनातून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. बांबू, गवत, चटया, आसपास मिळेल ते सामान, स्थानिक हात. साधारण चौदा महिन्यांनी गुजरातेतल्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारेकशे चित्रफलक केले, त्यांत चर्मकार, शिंपी, पिंजारी, कुंभार असे राबणारे लोक होते. मंडपाच्या भिंतीवर कारागीर आला. तो स्वतः काय काढेल, हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं.

इथे बाबासाहेब आंबेडकर आडवे येतात, आणि यावेच लागतात. 1945 मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवायचं, त्याला फुरसत द्यायची, संस्कृती म्हणतात ती त्याच्याही वाट्याला यायची, तर यंत्र हवंच, अशी त्यांची मांडणी होती. कातडं कमावणं, मैला उचलणं, दोर वळणं ज्यांच्या माथी जन्मतः मारलं गेलं, त्यांना हाताच्या कामाचं माहात्म्य सांगणं ही क्रूर थट्टा आहे. हस्तकलेवर लिहिणाऱ्या आपल्या बहुतेक लेखांत हा मुद्दा सोयीस्कर गळतो. ‘पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कला’ हे वाक्य आपण अभिमानाने लिहितो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, कारण सोडून जायची सोय नव्हती, हे त्याच्या पुढचं वाक्य कुणी लिहीत नाही.

तेव्हा मला वाटतं, वस्तू हाताने केली की यंत्राने, या प्रश्नाला आपण नको तेवढं महत्त्व देतो. हाताने केलेलं आपोआप पवित्र होत नाही. खरी विचारायची गोष्ट वेगळी: काय करायचं, कसं करायचं, कुठे थांबायचं, हे कुणी ठरवलं? करणारीने ठरवलं असेल तर त्यात म्हणणं असू शकतं, मग ती उपाशी असली, पैशासाठी करत असली तरी. चिलीतल्या बायकांना पैशाची निकड होतीच. पण गोणपाटावर काय येणार ते त्या ठरवत होत्या. उलट ठरवणारा दुसराच असेल, तर कसब कितीही थोर असो, ती हुकमाची अंमलबजावणी झाली. राजकीय अभिव्यक्ती आणि कला या दोन्ही गोष्टी याच एका ठिकाणाहून सुरू होतात, म्हणून त्या एकमेकींपासून सोलून काढता येत नाहीत.

या कसोटीला काही ताज्या गोष्टी लावून पाहू.

राष्ट्रध्वज. पूर्वी त्यावर चरखा होता. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने अशोकचक्र स्वीकारलं, तरी कापड हातसुताचं, हातमागावरचं, खादीचंच असावं हा नियम राहिला. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीसारख्या मोजक्या संस्थांना त्यावर काम मिळत होतं. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरचं कापड आणि पॉलिस्टरही चालेल असं ठरलं, आणि पुढच्या ऑगस्टात घरोघरी तिरंगा पोचला. स्वस्त झेंडा प्रत्येक घराला परवडावा, याला विरोध कोण करणार? पण ध्वजाचं कापड हाच त्या ध्वजाचा निम्मा अर्थ होता, आणि तो अर्थ एका आदेशाने ऐच्छिक झाला. मला खटकतं ते असं की यात कातणाऱ्या-विणणाऱ्या बायकांचं मत हा विषयच कधी चर्चेत आला नाही. त्यांचं काम राहायला हवं म्हणणारेही त्यांच्या मजुरीबद्दल बोलत नव्हते. 1935 मध्ये गांधींनी चरखा संघाकडे आग्रह धरला होता की कातणारीला पोटापुरती मजुरी द्या, मग खादी महागली तरी चालेल. खादीभक्तांना तो आग्रह तेव्हाही फारसा मानवला नव्हता.

कोल्हापुरी चप्पल. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने थेट कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. मग गदारोळ झाला, आपली अस्मिता जागी झाली, कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केलं, मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर कंपनीने मर्यादित संख्येच्या चपलांसाठी करार केला. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. गदारोळाच्या त्या पंधरवड्यात समाजमाध्यमांवर जो ‘मराठी अभिमान’ उसळला, त्यात चर्मकार हा शब्द किती वेळा आला? म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, त्याचा वास, त्यात उभं राहणारी माणसं, त्यांची वस्ती गावाच्या कोणत्या टोकाला होती, यातलं काही त्या अभिमानात नव्हतं. चप्पल कोल्हापूरची, करणारा कुणाचाच नाही. प्राडाने कोल्हापूरचं नाव गाळलं म्हणून आपण चिडलो. आपणही एक नाव गाळतच आलो आहोत.

याच्या बरोबर उलट काम धारावीतून झालं आहे. सुधीर राजभर या कलावंताने आपल्या उपक्रमाचं नावच ‘चमार स्टुडिओ’ ठेवलं. महाराष्ट्रात 2015 मध्ये गोवंश हत्याबंदी आल्यावर चामड्याच्या धंद्यावर गदा आली. या स्टुडिओने टाकाऊ रबर वापरून पिशव्या आणि पुढे खुर्च्या केल्या, त्या परदेशातल्या डिझाइनच्या प्रदर्शनांपर्यंत गेल्या. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द वस्तूवर ठळक छापायचा आणि घेणाऱ्याला तो उच्चारायला लावायचा. पिशवी आवडली, पण नाव घ्यायला जीभ अडखळते, असं गिऱ्हाइकाचं झालं की काम झालं. हा निर्णय करणाऱ्याचा आहे.

वारली चित्रांची कथा या दोन्हींच्या मधली आहे. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सवाशिणी लिहायच्या: गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मधोमध पालघाट देवी. लग्न पार पडलं की चौकाचं काम झालं. हेही लक्षात ठेवायला हवं की 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे तिथे पोचले, तेव्हा लढा होता तो वेठीविरुद्ध आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेस्तोवर नवरा-बायकोने त्याच्याकडे गुलामासारखं राबायचं. ज्या लग्नाचा चौक आपण आज चहाच्या मगवर छापतो, त्या लग्नाची ही किंमत होती. एखाद्या संग्रहालयाच्या पाटीवर मला हे अजून वाचायला मिळालेलं नाही.

1960 च्या दशकात बिहारच्या दुष्काळात हस्तकलांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला, भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांना द्यायला कागद घेऊन, मधुबनीला पाठवलं होतं. पुढे हेच कुलकर्णी डहाणूच्या बाजूला वारल्यांमध्ये आले. तिथे गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातात कागद पडला आणि त्यांनी त्याचं काय केलं ते पाहिलं की कसोटी स्पष्ट होते. मशे यांनी मासेमारीचं जाळं अख्ख्या कापडभर इतक्या बारीक रेघांनी पसरवलं की जाळं हेच चित्र झालं. असं कुणी सांगितलेलं नव्हतं, चौकातही असं काही नव्हतं. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री, 2018 मध्ये निधन. मशे यांना कलावंत म्हणायला कुणाची हरकत नसते.

पण त्या कागदाने दोन गोष्टी मागे पडल्या. भिंतीवर लिहिणाऱ्या सवाशिणींचा मान गेला. विक्रीच्या चित्रांत सुरुवातीला पुरुषच पुढे राहिले, बायका पुन्हा हळूहळू येत आहेत. आणि बाजाराला तारपा सापडला, म्हणजे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य आणि त्याभोवती धरलेला नाचाचा फेर. कोस्टरवर तारपा, विमानतळावर तारपा, सोसायटीच्या लिफ्टपाशी तारपा. तरुण वारली चित्रकारांपैकी काही जण तोडलेली झाडं, हायवे, कारखाने काढतात. पण दिवाळीच्या तोंडावर घाऊक ऑर्डर येते ती तारप्याचीच. तारपा सुंदर आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण शंभर मगवर तोच फेर काढणाऱ्याला आपण वारली कलाकार म्हणतो आणि त्याने काय काढायचं ते पुण्या-मुंबईतला खरेदी अधिकारी ठरवतो. पहिलं चित्र कला, शंभरावं मजुरी. मजुरीत कमीपणा नाही, फक्त मग तिला मजुरीसारखे पैसे द्यावेत. कलेचं कौतुक देऊन मजुरीत कापू नये.

शेवटी एका अशा हस्तकलेबद्दल, जिच्यावर मी अजून कुठला गंभीर लेख वाचलेला नाही. महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांत, बीडीडी चाळीपासून मराठवाड्यातल्या खेड्यांपर्यंत, घरात भरतकामातले बुद्ध आणि बाबासाहेब दिसतात. मॅटीच्या कापडावर चौकटी मोजत घातलेली फुली-टाक्याची चित्रं, काचेत मढवून दर्शनी भिंतीवर लावलेली. निळा कोट, लाल टाय, हातात पुस्तक. चष्मा हा सगळ्यात अवघड भाग: काळ्या दोऱ्याची एक चौकट इकडची तिकडे झाली की चेहरा बदलतो. कोटाच्या निळ्यात दोन-तीन छटा घालून घडी दाखवलेली असते, आणि जिला ते जमलंय तिचं काम पाचशे चित्रांत ओळखू येतं.

हे काम कुणी सांगून होत नाही, त्याला गिऱ्हाईक नसतं, अनुदान नसतं. ज्यांच्या आज्या-पणज्यांचे हात परक्या अंगणात राबले, त्या बायकांनी आपल्या फुरसतीचे तास कुठे घालवायचे ते स्वतः ठरवलं. आणि कुणाला भरलं? यंत्राची बाजू घेणाऱ्या, शिवलेला सूट घालण्यालाच विधान बनवणाऱ्या माणसाला. फुरसत मिळाली तर माणूस संस्कृती घडवतो, हे बाबासाहेबांचं म्हणणं एका बाईने महिनोन्‌महिने टाके घालून खरं केलं. राजकीय अभिव्यक्ती म्हणून मला आपल्याकडे याहून नेमकं उदाहरण सुचत नाही. आणि नेमक्या याच कामाला आपण ‘हौस’ म्हणतो.

कुणी म्हणेल, ही तर छापील फोटोवरून केलेली नक्कल, यात कल्पकता कुठे? छायाचित्रावरून व्यक्तिचित्र करणाऱ्या चित्रकारांना हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. शिवाय फोटो चौकटीत बसवताना काय सोडलं आणि काय ठेवलं, यातच सगळं असतं. पार्श्वभूमीला संसद घ्यायची की पिंपळपान, खाली ‘शिका, संघटित व्हा’ भरायचं की नुसतं आपलं नाव. बऱ्याच जणी कोपऱ्यात नाव आणि साल भरतात. म्हणजे चिलीतल्या बायकांना जे करता आलं नाही आणि हस्तकलेच्या दुकानांतल्या वस्तूंवर जे आपण होऊ देत नाही, ते इथे आधीच झालेलं आहे.

ही चित्रं संग्रहालयांनी विकत घ्यावीत का, याबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. ती ज्या भिंतीसाठी केली तिथून काढली तर घर उघडं पडेल, आणि विकायला तयार होणारी बाई कोणत्या अडचणीत तयार झाली, हाही प्रश्न राहील. पण नोंद करायला कुणाची परवानगी नको, घरच्यांची सोडून. कलामहाविद्यालयांतल्या मुलांना प्रकल्प म्हणून दरवर्षी कुठल्या तरी परराज्यातल्या कारागीर गावाला नेतात; त्यांना एक वर्ष आपल्याच शहरातल्या या घरांत पाठवावं. फोटो घ्यावेत, साल, दोरा, कापड लिहून घ्यावं. आणि जे प्रश्न आपण गॅलरीत चित्रकाराला विचारतो तेच तिला विचारावेत: हे चित्र का निवडलंत, कोटाचा हा निळा कुठून आणलात, कुठे चुकलं आणि उसवलंत, आणि इथे डोळ्यांपाशी तुम्ही मूळ फोटो सोडून दिलाय, तो का?